कडू गोळीचं अनुपान

धंतोली, नागपूर
१९ नोव्हेंबर १९७८

डॉ. रविंद्र यांस,

नमस्कार वगैरे झाला असं समजून घ्या. दिवाळीला तुमचं पत्र आलं नाही म्हणून माझंही गेलं नाही. तुम्ही मँचेस्टरला रुसून बसा, मी इथं बसते, आपलं बरं चाललं होतं. आज लिहायला बसले ती आईंसाठी. त्या तुमच्या जन्मदात्या आहेत, माझ्या नुसत्या सासूबाई, पण दवाखान्यात उशाशी मी आहे, म्हणून लिहायचं कामही माझ्याच वाट्याला.

आईंची कंबर दुखते ती वातानं नाही. गेल्या वर्षी छातीतली गाठ काढली तेव्हा "आता काळजीचं कारण नाही" असं तुम्ही तिकडून कळवलं होतंत. कारण आहे. ते आता हाडांत उतरलं आहे. त्यांना कॅन्सरच्या वॉर्डात ठेवलंय, तुम्ही जायच्या आधी जिथं दोन वर्षं काढलीत त्याच. भैयाजी कोराडीहून रविवारी येतात, अर्धा तास खुर्चीवर बसतात, "सगळं ठीक होईल" म्हणतात आणि शेवटची बस गाठतात. तुमचे मोठे भाऊ आहेत, मी काय बोलणार.

वॉर्ड सध्या तुमच्या हाताखालच्या आनंदरावाकडे आहे. अजून भिंतीला नमस्कार केल्यासारखं "सर, सर" करत तुमचं नाव घेतो. दुखण्यावरचं इंजेक्शन मोजूनमापून येतं, ते रात्रीपुरतंही पुरत नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. मग मी त्याला म्हटलं, ती गोळी द्या की. तीच ती, वेड्यांच्या दवाखान्यात खिन्न माणसांना देता ती. थोडक्या प्रमाणात दिली तर कॅन्सरचं दुखणंही कमी करते, असं तुम्ही दोन वर्षं जेवताना माझं डोकं खाल्लंत. वरण वाढलं की गोळी, भात वाढला की गोळी.

आनंदरावानं कपाट उघडलं आणि तुमचाच लेख माझ्यापुढे धरला. म्हणाला, "वहिनी, सरांनीच सिद्ध करून ठेवलंय. अर्ध्या बायांना खरी गोळी, अर्ध्यांना दिसायला तशीच साखरेची. शेवटी दोन्हींकडे दुखणं सारखंच कमी झालं. म्हणजे गोळीत काही नाही, नुसता मनाचा खेळ. त्यानंतर या वॉर्डात ती गोळी मागवणंच बंद केलं."

मी इंग्रजी वाचू शकते, शाळेत तेच शिकवते. वाचलं. वर तुमचं नाव, खाली आपल्या दवाखान्याचं, आणि शेवटी तो एका वाक्याचा निकाल. आईंनी लांबून पाहिलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगून टाकलं, "माह्या रवीचं हाय ते. विलायतेत छापलं." कंबर धरून बसल्या होत्या तरी सांगितलं. मला रडावं की हसावं कळेना.

मला एवढंच विचारायचं आहे. ज्या गोळीसाठी तुम्ही दोन वर्षं जीव टाकलात ती अशी एका वाक्यात फुकट कशी गेली? तुमची खात्री आहे का? नीट उत्तर द्या, हवापाणी कळवू नका.

चारुशीला


धंतोली
३ डिसेंबर १९७८

डॉक्टरसाहेब,

तुमच्या उत्तराची वाट पाहत बसले असते, पण इथं असं काही ऐकलंय की आजच लिहिते. आधी खुर्चीवर बसा.

आईंच्या शेजारची खाट मनकर्णाबाईंची. खापरखेड्याला त्यांचा मुलगा वीजघरात आहे, तिथल्याच वसाहतीत राहतात. तुम्हाला त्या आठवणार नाहीत, तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंच नसेल. तुमची गोळ्यांची चाचणी चालू होती तेव्हा त्या आपल्या मोठ्या जावेच्या सोबतीला या वॉर्डात राहत होत्या. आता स्वतःच आजारी होऊन आल्यात. आईंनी रवीपुराण लावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचा पोरगा तो गोळ्यावाला डाक्टर होय काय? बाप्पा, काय गुणाची गोळी होती ती. माही जाऊ उठून बसे."

मी कान टवकारले. म्हटलं, तुमच्या जावेला कुठली होती? कडू की गोड?

हा प्रश्न मी उगाच टाकला होता, साखरेची गोळी गोड असणार या अंदाजानं. त्या म्हणाल्या, "दोन्ही."

आता पुढचं शांतपणे वाचा. वॉर्डात नर्सेस कमी, म्हणून तुम्ही आठवड्याच्या गोळ्यांची बाटली नातेवाइकांच्या हातात देत होतात. रोज दोन, सकाळी एक, संध्याकाळी एक. सोबतीच्या बाया मागच्या पडवीत एका चुलीवर स्वयंपाक करायच्या, एकत्र जेवायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आलं की कोणाची गोळी कडूजहर आहे आणि कोणाची बत्ताशासारखी. त्यांनी आपसात विचार केला. मनकर्णाबाईंच्याच शब्दांत देते, नाहीतर तुम्ही म्हणाल मी रंगवून सांगितलं:

"कडू औषध काही एकटं पोटात जात नाही. वैद्यबुवा चूर्ण देते तं संग मध देते, गूळ देते. अनुपान लागतेच न वं. डाक्टरनं अर्ध्या बायांले औषध देल्लं आन् अर्ध्यांले त्याचं अनुपान देल्लं. आम्ही म्हनलं, मोठा डाक्टर हाय, कामाच्या घाईत वाटताना चुकलं असन. मंग आम्ही जोड्या लावल्या. एक कडूवाली, एक गोडवाली. सकाळी कडू, संध्याकाळी गोड. सगळ्याईले बराबर."

सगळ्या वॉर्डानं. वर्षभर. तुमच्या खऱ्या गटातल्या बाईला अर्धी खरी, तुमच्या साखरेच्या गटातल्या बाईलाही अर्धी खरी. दोन्ही गट सारखे निघतील नाहीतर काय निघतील? गोळीत गुण नाही असं नाही, रविंद्र. अर्ध्या गोळीतही गुण आला, आणि तो सगळ्यांनाच आला.

मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "त्यानं इचारलंच नाही. रोज दोन गोळ्या घेता काय, इतकंच इचारे. घेत होतो न आम्ही दोन." शिवाय मोठ्या माणसाची चूक त्याच्या तोंडावर कशी सांगायची, म्हणून गुपचूप सुधारून घेतली. तुमची लाज राखली त्यांनी.

मी कपाळाला हात लावला. मग तुमच्यावर चिडले. आता काय करायचं ते तुम्हाला सांगायची गरज नसावी. त्या मासिकाला लिहा आणि एक प्रत आनंदरावाला पाठवा.

चारुशीला


धंतोली
१४ जानेवारी १९७९

डॉ. रविंद्र,

तुमचं पत्र मिळालं. तिळगूळ घ्या, गोड बोला, असं लिहिण्याचा आज दिवस आहे, पण ते मला जमणार नाही.

"वॉर्डातल्या बायकांच्या ऐकीव गप्पांवर शास्त्र उभं राहत नाही." वा. मग ते उभं कशावर राहिलं होतं? त्याच बायकांनी "आज दुखलं, आज कमी दुखलं" असं सांगितलं आणि तुम्ही ते लिहून घेतलंत, तेव्हा त्या गप्पा नव्हत्या. त्याच तोंडातून आता तुमच्या गैरसोयीचं आलं तर गप्पा.

तुम्ही म्हणता एका बाईच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. ठीक. मागच्या रविवारी मी खापरखेड्याला गेले. बस राखेनं भरलेली, माझी पांढरी साडी परत येताना करडी झाली होती. मनकर्णाबाईंच्या जावेची जोडीदारीण म्हणजे कौशल्याबाईंची सासू, ती गेली. कौशल्याबाई तिथल्या वसाहतीत राहतात. मी त्यांना काही सुचवलं नाही, नुसतं विचारलं, तुम्ही सासूला गोळ्या कशा देत होता? त्यांनी पोळी लाटता लाटता तेच सांगितलं, कडू, गोड, जोडी, अनुपान. वर मलाच म्हणाल्या, "काहून, काही चुकलं काय आमचं?" मी नाही म्हटलं. त्यांचं काय चुकलं?

आणि हो, दोन्ही गोळ्या रंगाला, आकाराला, वजनाला सारख्या आहेत हे तुम्ही स्वतः तपासलं होतंत, असं लिहिलंत. चव? एवढं सगळं तपासलंत, एक गोळी जिभेवर ठेवून पाहिली असती तर काय तुमची डिग्री विटाळली असती? चुलीपुढच्या बायांना पहिल्या आठवड्यात कळलं ते तुम्हाला अजून माझ्या पत्रातून कळतंय, आणि तेही पटत नाही.

खरं कारण तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे, अगदी तळाशी, बारीक अक्षरात. मार्चमध्ये कायमच्या जागेचा निर्णय आहे. मानसिक आजारांवरच्या गोळ्यांचे तुमचे बाकीचे लेख आहेतच, पण लोकांना माहीत आहे तो हाच, कॅन्सरचा. "आत्ताच तो मागे घेणं इष्ट ठरणार नाही." इष्ट. तुम्ही घाबरलात की असे शब्द वापरता, लग्नाआधीपासून पाहते आहे.

आईंना रात्री झोप लागत नाही. विचारलं तर "काही नाही दुखत, चादर टोचते" म्हणतात. चादर मी तीनदा बदलली.

चारुशीला


धंतोली
११ फेब्रुवारी १९७९

रविंद्र,

आता मी तुमच्या आईंच्या पुढेही हात टेकलेत. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाला सांगू?

मी ठरवलं, तुमच्या पत्राची आणि आनंदरावाच्या हिमतीची वाट पाहायची नाही. माझ्या शाळेतल्या शोभाताईंचे यजमान डॉक्टर आहेत. त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी चिठ्ठी दिली, सीताबर्डीवरून मी गोळ्या आणल्या. आनंदराव "मी पाहिलं नाही" म्हणून तोंड फिरवून उभा राहिला, तेवढा तो बरा आहे. पाण्याचा पेला घेऊन आईंपुढे गेले.

"कायची व्हय?"

मला खोटं बोलायला हवं होतं. जीवनसत्त्वाची, शक्तीची, काहीही. पण त्यांच्या पुढ्यात मला खोटं सुचत नाही. म्हटलं, आई, तीच, रवीची. यानं दुखणं कमी होतं.

"रवीनं तं लिहिलं का उपयोग नाही होत."

मी समजावलं. अर्धा तास समजावलं, मनकर्णाबाईंनी साक्ष दिली. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं खरं असन वं. पण त्यानं छापलं हाय. माह्या पोरानं छापलेलं खोटं हाय असं मी कशी म्हणू? ही गोळी मी घेतली तं मी तेच म्हनलं न." आणि पेला परत दिला.

दुसऱ्या दिवशी मी शिरा करून नेला, वेलची, बेदाणे, भरपूर साखर, आणि त्यात गोळी कुटून घातली. आईंनी पहिला घास जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला तिसरीतली मुलगी झाल्यासारखं वाटलं. घास रुमालात काढला. म्हणाल्या, "शिरा चांगला होता, चारू. काहून नासवला?"

सांगा आता. मुलगा तिकडे नोकरीसाठी अडून बसलाय आणि आई इकडे मुलाच्या अब्रूसाठी. मधल्या मध्ये मी बसस्टॉप ते वॉर्ड आणि वॉर्ड ते शाळा. सातवी ब ला मी काल विनाकारण इतकं बोलले की एक मुलगी रडली.

आई म्हणतात, रवीनं लिहिलं तर घेईन. बाकी कोणाच्या सांगण्यानं नाही. म्हणजे आता गोळी माझ्या पर्समध्ये आहे आणि किल्ली तुमच्याकडे. दोन ओळी लिहा. त्याला तर मार्चचा निर्णय आडवा येत नाही ना?

चारुशीला


धंतोली
१८ मार्च १९७९

रविंद्र,

दोन ओळी म्हटलं तर तुम्ही खरंच दोनच ओळी लिहिल्यात. "आई, चारू देते ती गोळी घे. गुण येतो." माझ्या नावानं वेगळी चिठ्ठी, की हे घरातल्या घरात ठेवावं. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, चला, कार्य सिद्धीस जातंय ना.

कुठलं जातंय. आईंनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तुमच्या अक्षरावरून हात फिरवला. मग आनंदराव फेरीला आला तेव्हा त्याला थांबवलं आणि मला म्हणाल्या, "याले वाचून दाखव." मी तुमच्या त्या वेगळ्या चिठ्ठीकडे मनातल्या मनात पाहिलं, आणि वाचलं. भर वॉर्डात.

आनंदराव गोरामोरा झाला. आईंनी त्याला विचारलं, "मंग आता मनकर्णेले कवा देता?" तो म्हणाला, आई, तुमच्यापुरतं मी आजच सुरू करतो. पण बाकीच्यांना सरकारी खर्चानं द्यायचं तर छापील आधार लागतो. हे घरगुती पत्र झालं. छापलेलं तर उलटंच आहे.

आई हळूच म्हणाल्या, "म्हणजे माह्यासाठी गुण येते, आन् मनकर्णेसाठी नाही येत काय?"

मनकर्णाबाई म्हणाल्या, "घ्या हो प्रयागबाई, तुम्ही तं घ्या, माही फिकीर नका करू." आईंनी मान हलवली. "घरात एक आन् छापून एक, असं मी त्याले शिकवलं नोहोतं. पहिले वाटे का त्याचं छापलेलं खरं. आता तोच म्हणते का नाही. मंग तसं छाप म्हणा."

मी त्यांच्यावर ओरडले. खरंच ओरडले, वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. म्हटलं, तुमच्या तत्त्वापायी तुमचीच हाडं फुटताहेत, त्याला तिकडे काय फरक पडतो? त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, काही नाही दुखत. मला त्यांचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. मग पर्समधल्या गोळ्या काढून मनकर्णाबाईंनाच देऊ केल्या, तर त्याही घेईनात. प्रयागबाई घेतील तेव्हा घेईन म्हणतात. एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी.

तुमच्या जागेचं काय झालं ते कळवलं नाहीत. झाली असेल तर अभिनंदन.

चारुशीला


दवाखाना
१ एप्रिल १९७९

रविंद्र,

हे पत्र माझं नाही. आईंनी सांगितलं तसं लिहिते आहे, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मला म्हणाल्या, तू मधात काही घालू नको.

"रवी, आशीर्वाद. तू जेवत जा. तिकडं थंडी राहते म्हणते चारू, तं कान बांधत जा.

मी सगळ्याईले सांगतो का काही दुखत नाही. दुखते, बाप्पा. लई दुखते. कुशीवर वळता येत नाही. खोकला आला तं जीव जाते. हे मी चारूलेही सांगितलं नोहोतं, आता तिच्याच हातानं लिवून घ्या लागते म्हणून तिले समजलं. ती रडून राहिली. तिले मी म्हनलं, रडू नको, लिव.

त्या बायांनी तुह्यी चूक झाकली. मीही झाकली. पण आता इथी नवीन बाया येऊन राहिल्या, त्याइले ह्यातलं काही माहीत नाही, त्या रात्रभर कण्हतात. तू लिही आन् छाप. नोकरी गेली तं घरी ये. तुह्या बापाची दोन खोल्यांची जागा हाय, कोनी काढून नाही देत तुले. लवकर लिही गा. मी थांबून हाय."

वरचं सगळं आईंचं. माझं काही नाही.

चारुशीला


धंतोली
२० मे १९७९

रविंद्र,

मासिकाच्या संपादकांना तुम्ही लिहिलेल्या पत्राची प्रत आनंदरावाकडे आली, तिच्याखाली तुमची सही, आणि ते छापणार असल्याचं त्यांचं उत्तरही सोबत. मी ते वाचलं. काही लपवलं नाहीत. चव तपासली नव्हती हेही लिहिलंत. तुम्हाला ते लिहिताना काय झालं असेल ते मला कळतं, आणि तरी मला एवढंच सुचलं की हे जानेवारीतही लिहिता आलं असतं. तुमची जागा गेली हे तुम्ही कळवलंत ते आईंना सांगितलेलं नाही.

आनंदरावानं त्याच दिवशी गोळ्या मागवल्या. आई, मनकर्णाबाई आणि नव्या आलेल्या सगळ्यांसाठी. पहिले काही दिवस नुसतं तोंड कोरडं पडायचं आणि गुंगी. आई म्हणायच्या, हे कायचं औषध, हे तं झोपेचं सोंग. मग एका सकाळी मी गेले तर त्या कुशीवर झोपल्या होत्या. मी उठवलं नाही. स्टुलावर बसून राहिले, उन्हं चढली तरी. उठल्यावर त्यांनी भरल्या वांग्याची भाजी मागितली आणि स्वतःच्या हातानं जेवल्या. मनकर्णाबाईही उठून बसतात आता. तुम्ही विचारलंय की "फरक नेमका किती, आकड्यात सांगता येईल का." नाही सांगता येणार. तुम्ही सुधारणार नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. परवा दुपारी बाहेर ऊन मी म्हणत होतं, खिडकीला ओला टॉवेल लावला होता, वॉर्ड सगळा निपचित. आई छताकडे पाहत पडल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "चारू, हे इतकं कमी होत होतं काय वं?"

मी हो म्हटलं.

"मले वाटे, कमी होईन तं थोडंसं होईन. हे तं..." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुखत होतं तेव्हा कधी आलं नव्हतं. म्हणाल्या, "संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा गेला. त्याले माहीत होतं न? तुवा लिवलं होतं न त्याले, डिसेंबरातच?"

रविंद्र, सहा महिने मी या एका प्रश्नाची वाट पाहत होते. रवी माझा असा, रवी माझा तसा ऐकून माझे कान किटले होते. एकदा तरी या बाईनं मुलाला नीट पाहावं असं मला वाटायचं, आणि त्या दिवशी मी मनात म्हटलेलं सगळं त्यांना सांगून टाकीन असंही वाटायचं. विचारलं त्यांनी. आणि मी म्हटलं, आई, पोस्टाला उशीर होतो, परदेशाचं पत्र, कधी कधी दोन-दोन महिने लागतात. त्यांच्या पुढ्यात मला खोटं सुचत नाही म्हणत होते ना, सुचलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "पोस्टाले उशीर होते. इतका नाही होत." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून त्यांनी तुमचं नाव घेतलेलं नाही. नवीन बाया विचारतात, ही गोळी कोणाच्या मुलाची म्हणे, तर त्या मनकर्णाबाईंकडे बोट दाखवतात, इले इचारा म्हणतात. आनंदरावानं मला बाजूला घेऊन सांगितलं, दुखणं कमी झालंय पण रोग थांबलेला नाही, आता फार दिवस समजू नका.

तुम्ही विचारलंत, यावं का. ते मला विचारू नका. तुमच्यासाठी एकदा खोटं बोलले, त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मानलं नाही. दुसरं माझ्याकडे नाही. या आणि खाटेपाशी बसून स्वतःच्या तोंडानं सांगा.

चारुशीला